ऊस तुटला, पाचट राहिलं: काडी न ओढता खोडवा कसा धरायचा, आणि सरकारी योजना त्यात कुठे कामाला येतात

गळीत हंगामात दिवस मावळताना कराडहून कोल्हापूरच्या बाजूला निघालं की हायवेच्या दोन्ही अंगांना पेटलेले उसाचे फड दिसतात. ऊस तुटल्यावर रानात उरलेली वाळली पानं, म्हणजे पाचट, असं जाळलं जातं. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी कुसळं पडलेली असतात. पेटवणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पाणी पुढं सरकत नाही, माणसं मिळत नाहीत, मग काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. "पाचट जाळू नका" एवढंच सांगणारी पत्रकं पुष्कळ आहेत. पाचट ठेवून खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांतून (जमिनीत राहिलेल्या खुंटांतून) फुटणारं पुढचं पीक, कसा धरायचा, आणि ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवसापासून नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. सरकारच्या कोणत्या योजनेचा कितपत उपयोग होतो, तेही ओघात येईल.

आधी दंडाची भानगड मिटवू

व्हॉट्सॲपवर दरवर्षी एक कोष्टक फिरतं: दोन एकरांच्या आत पाच हजार, दोन ते पाच एकर दहा हजार, पाच एकरांच्या वर तीस हजार रुपये दंड. कोष्टक खरं आहे, पण आपलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने १० डिसेंबर २०१५ च्या आदेशात दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानसाठी अडीच, पाच आणि पंधरा हजार अशी भरपाई ठरवली होती. पुढे २०२१ मध्ये दिल्ली परिसराच्या हवेसाठी वेगळा कायदा आणि आयोग आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या कायद्याखाली ही रक्कम दुप्पट केली. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी आहे. सांगली-सोलापूरच्या उसाला तो लागू होत नाही.

म्हणून इथे रान मोकळं आहे असंही नाही. आग हयगयीने हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचा उभा ऊस, ठिबक, गोठा जळाला तर भरपाईचं लचांड वेगळंच. गावात भांडणं होतात ती बहुतेक याच कारणाने, प्रदूषणाचं कारण क्वचितच असतं.

हवेचा मुद्दा मात्र शहरातल्या लोकांचा म्हणून सोडून देता येत नाही. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातली १३० शहरं आहेत आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रातली. मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूरही त्या यादीत आहेत, म्हणजे ऐन ऊसपट्टा. या कार्यक्रमाचा पैसा प्रामुख्याने शहरांच्या हद्दीत, रस्त्यांची धूळ आणि कचरा यांवर खर्च होतो. हद्दीबाहेर दहा किलोमीटरवर पेटलेल्या फडाकडे त्यात कुणी फारसं पाहत नाही. माझ्या मते या धोरणातलं सर्वांत मोठं भोक हेच आहे.

आणि धूर पहिल्यांदा खातं ते गावच. आपण संध्याकाळी पेटवतो कारण वारा पडलेला असतो, आग इकडेतिकडे जात नाही. पण वारा पडला आणि थंडी उतरली की जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे धूरही तिथेच बसतो आणि सकाळपर्यंत घराघरांतून फिरतो. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या शहराचा आकडा दिसतो, पण गावात मोजायला यंत्रच नसतं.

जळतं काय, त्याचा हिशेब

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, म्हणजे एकरी साधारण तीन ते चार टन. राज्यात दहा लाख हेक्टर ऊस धरला तरी ऐंशी लाख टनांच्या वर माल झाला. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत पाचटात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश ०.७ ते १ टक्का धरतात. दहा टनांच्या बाजूने मोजलं तर एकरी २० किलोच्या आसपास नत्र, ८ किलोच्या आसपास स्फुरद आणि ३० ते ४० किलो पालाश. पोटॅश खताच्या भाषेत सांगायचं तर (त्यात पालाश ६० टक्के असतं) पन्नास किलोच्या एका पोत्याएवढं किंवा जास्त.

आग लावली की नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून जातात. राख उरते आणि तीत बरंचसं पालाश राहतं, म्हणून "राखेनं ऊस काळाभोर येतो" असं म्हणतात. येतोही, पहिले काही दिवस. पण वरच्या थरातले जिवाणू आणि गांडुळं भाजून निघालेली असतात, आणि दोन-तीन खोडवे झाले की जमीन पाणी दिल्यावर चिकटते आणि वाळल्यावर दगड होते. ज्यांच्या रानात हे झालंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तोडीच्या आधी: मुकादमाशी बोला

खोडव्याचा निकाल तोडीच्या दिवशीच लागतो. टोळी फडात शिरण्याआधी मुकादमाला दोन गोष्टी सांगा. ऊस जमिनीलगत तोडायचा, आणि पाचटाचे ढीग मारायचे नाहीत, तोडता तोडता मागे पसरत यायचं. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) त्यांची जनावरं आणि विक्री यासाठी जातंच, ते जाऊ द्या, त्याने पाचटाचा बोजाही थोडा हलका होतो. खुशालीची, म्हणजे टोळीला वरून द्यायच्या पैशांची, बोलणी याच वेळी होतात, त्यातच हे कामही पदरात पाडून घ्यावं. कोयता दोन इंच वर फिरला की पुढे बुडखे छाटायला आपल्याला वेगळा रोज द्यावा लागतो.

तोड १५ फेब्रुवारीच्या पुढे गेली असेल तर खोडवा ठेवू नये अशी शिफारस आहे. उशिराच्या खोडव्याला उन्हाळा गाठतो आणि फूट कमी येते. अशा रानात पाचटाची कुट्टी करून नांगरटीत गाडणं आणि पावसाळ्यात ताग किंवा सोयाबीन घेणं बरं.

हार्वेस्टरने तोड झाली तर पाचट बारीक होऊन आपोआप पसरलेलं मिळतं. राज्याने अलीकडे ऊसतोडणी यंत्रांना ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये असं अनुदान दिलं, त्यामुळे यंत्रं वाढली आहेत. यंत्राने तोडलेल्या उसाच्या वजनातून कारखाना पाचटापोटी वजावट करतो. ती किती टक्के, हे तोडीआधीच कारखान्याच्या गट ऑफिसमध्ये विचारून ठेवा.

पहिला आठवडा: पाचट सरीत, बुडखे उघडे

सगळ्यांत महत्त्वाचं काम हे, आणि चुकतं तेही इथेच. पाचट बुडख्यांवर राहता कामा नये. फुटव्याला ऊन मिळालं नाही तर तो पिवळा आणि काडीसारखा येतो, आणि मग "पाचट ठेवलं म्हणून खोडवा बसला" अशी बोंब होते. दाताळ्याने किंवा काठीने पाचट ओढून सरीत दाबायचं आणि वरंब्यावरचे बुडखे मोकळे करायचे.

सरी चार-पाच फुटांची असेल तर प्रत्येक सरीत पाचट बसतं. तीन फुटी सरी असेल तर एकाआड एक सरीत भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. पाण्याची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

बुडखे उघडे झाले की धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. उंच राहिलेल्या बुडख्याचे वरचे डोळे फुटतात, त्या कोंभाला जमिनीत स्वतःच्या मुळ्या धरता येत नाहीत आणि तो पुढे मार खातो. छाटलेल्या जागी एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन फवारा. ट्रॅक्टरवर चालणारं बुडखे छाटणी यंत्र गावात असेल तर तासांवर मिळतं, एकरामागे माणसं खूप वाचतात.

कुट्टी करायची की नाही? केलेली चांगली. अख्खं पाचट सावकाश कुजतं, मल्चरने (पाचट बारीक करणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या यंत्राने) बारीक केलेलं लवकर मातीला धरतं. पण कुट्टी यंत्र मिळालं नाही म्हणून पेटवायचं, हा बहाणा झाला. अख्खं पाचटही कुजतं, पाऊस पडेपर्यंत धीर धरावा लागतो इतकंच.

युरिया, सुपर आणि जिवाणू: का आणि किती

पाचटात कर्ब भरपूर, नत्र नाममात्र. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं आणि पाचटात ते पुरेसं नसतं, म्हणून ते मातीतून उचलतात. तेवढ्या काळात ऊस पिवळा पडतो. यावर उपाय म्हणजे जिवाणूंचा वाटा आपणच वरून द्यायचा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक ही शिफारस आहे. एकरी चार टन धरले तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो संवर्धक.

युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे हा खर्च एका पिशवीतच भागतो. हा युरिया वायाही जात नाही, पाचट कुजलं की उसालाच परत मिळतो.

क्रम असा ठेवा. आधी युरिया आणि सुपर पाचटावर सारखं फेकून घ्या. संवर्धक मात्र चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं टाका. युरियाच्या घमेल्यात ते कालवू नका, जिवाणू जागेवर मरतात. लगेच पाणी द्या. संवर्धक पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे मिळतं. बरेच कारखानेही सभासदांना उधारीवर देतात, गटातल्या चिटबॉयकडे, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या कर्मचाऱ्याकडे, चौकशी करा.

पाणी सरकत नाही, त्याचं काय

पहिलं पाणी खरंच जिकिरीचं असतं. कोरडं पाचट तरंगतं, पुढे जाऊन साठतं आणि सरी फुटते. म्हणून पाटाकडची सरीची तोंडं हात-दोन हात मोकळी ठेवा आणि सरी लांब असेल तर मध्ये आडवा दंड काढून तिचे दोन तुकडे करा. पहिलं पाणी रात्रपाळीच्या लाइटवर देऊ नका. अंधारात पाचटात दारं धरणं (सरीसरीत पाणी वळवणं) म्हणजे सापाशी गाठ, आणि सरी कुठे तुंबली तेही कळत नाही. पहिल्या पाण्याने पाचट बसतं. चार-सहा दिवसांनी वाफसा आला की सरीतून माणसं चालवून ते तुडवून घ्या, मातीला टेकलं की कुजायला लागतं. दुसऱ्या पाण्यापासून त्रास उरत नाही. ओल टिकते, दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येतं.

ठिबक असेल तर हा प्रश्नच येत नाही. फक्त लॅटरल (ठिबकच्या नळ्या) पाचटाखाली अडकू देऊ नका, उंदरं कुरतडतात. बांधही स्वच्छ ठेवा, बिळं तिथूनच सुरू होतात. ठिबकला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यावर २५ आणि ३० टक्के पूरक मिळून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही.

शिरोळसारख्या भागात जिथे जमीन क्षारपड आणि निचरा कमी, तिथे पाचटाने ओल जास्त धरली जाते हे ध्यानात ठेवा. आधी चर काढा, आणि पाणी हाताने माती दाबून बघूनच द्या.

पहारीची खतं

पाचट ठेवलेल्या खोडव्यात खत फेकून देऊन चालत नाही, ते पाचटावरच राहतं. कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राची पहार पद्धत यासाठीच आहे. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर पहारीने १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, दर ३० सेंटिमीटरला एक, त्यात खताची मात्रा टाकून भोक बुजवायचं. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा.

दोन बेटांत दोन फुटांहून जास्त जागा रिकामी दिसली तर तयार रोपांनी नांगे भरून घ्या, पहिल्या महिन्यातच. बाळबांधणी, मोठी बांधणी (उसाला माती लावणं), आंतरमशागत काही करायची नाही. जारवा, म्हणजे जुन्या मुळ्या, तोडायचा नाही. तणही कमी उगवतं. वाचलेल्या मजुरीचा हिशेब वहीत मांडला तर पाचट पसरायला घातलेला रोज त्यातून निघतो.

दोन-अडीच महिन्यांनी सरीतलं पाचट हाताने उचलून पाहा. वरचा थर कोरडा, तांबूस. त्याखाली पांढरे बुरशीचे धागे, आणि तळाला काळी, भुसभुशीत, मातीच्या वासाची पूड. गांडुळांची विष्ठा दिसली तर काम बरोबर चाललंय. सगळं कोरडं आणि जसंच्या तसं असेल तर ओल कमी पडते आहे.

महाडीबीटीचा अर्ज: फेब्रुवारीत नव्हे, पावसाळ्यात

मल्चर, कुट्टी यंत्र, बुडखे छाटणी यंत्र यांना कृषी यांत्रिकीकरणातून अनुदान आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प-अत्यल्प भूधारक यांना साधारण ५० टक्के, इतरांना ४० टक्के, आणि प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादा. अडचण वेळेची आहे. पाचट फडात पडल्यावर अर्ज केला तर यंत्र पुढच्या हंगामालाच येणार. म्हणून जून-जुलैमध्येच हात घाला.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, आधी काढा. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो बंधनकारक आहे. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते पाहा, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर, यांत्रिकीकरणाचा घटक निवडून यंत्र टाका. ट्रॅक्टरचलित अवजार असेल तर ट्रॅक्टरचं आरसी बुक लागतं. पूर्वी सोडत निघायची, २०२५-२६ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी असा नियम आला आहे, तेव्हा रांगेत पुढे असणं चांगलं.

निवड झाली की कोटेशन आणि यंत्राचा तपासणी अहवाल अपलोड करायचा आणि पूर्वसंमतीची वाट पाहायची. इथे पुष्कळजण घाई करतात. दुकानदार म्हणतो, "घेऊन जावा, संमती येतेच." पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल असेल तर अनुदान बसत नाही. संमतीनंतर खरेदी, पक्कं जीएसटी बिल, रक्कम बँकेतून, मग मोका (जागेवरची) तपासणी आणि शेवटी पैसे खात्यावर.

दोन-तीन एकरवाल्याने मल्चर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. त्याला ४५ अश्वशक्तीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो आणि वर्षातून मोजके दिवस तो चालतो. गावातल्या शेतकरी गटाने अवजारे बँकेतून एक घेतला आणि तासांवर फिरवला तर सगळ्यांचं भागतं.

गाठी बांधून विकायचं का?

बेलरवाला येतो, पाचटाच्या गाठी करून नेतो, कारखान्याच्या सहवीज (वीजनिर्मिती) प्रकल्पाच्या बॉयलरला किंवा बायोगॅसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने 'सतत' योजना आणली. पाचट, काड, मळी (प्रेसमड), शेण यांपासून दाबलेला बायोगॅस करायचा आणि सीएनजीच्या जागी गाड्यांना द्यायचा. शहरी गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के असा गॅस मिसळणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे पाचटाला गिऱ्हाईक वाढेल. स्वच्छ वाहतुकीच्या बाजूने हे चांगलंच.

शेताच्या बाजूने पाहायचं तर भारी काळी जमीन, शेवटचा खोडवा, पुढे नांगरटच करायची असेल तर द्या. मुरमाड किंवा हलक्या रानातलं देऊ नका. गाठीबरोबर एकरी तीस-चाळीस किलो पालाशही गाडीत चढतं, आणि गाठीचा भाव ठरवताना ते कुणी मोजत नाही. विकलंच तर बदल्यात कारखान्याचं मळीचं कंपोस्ट मागून घ्या.

शेजारचा फड पेटला तर

आपण पाचट ठेवलं आणि शेजाऱ्याने पेटवलं, ही भीती खरी आहे. बांधालगत आठ-दहा फुटांचा पट्टा पाचट काढून मोकळा ठेवा, आणि पहिलं पाणी त्या बाजूच्या सऱ्यांना आधी द्या. ओलं पाचट सहज पेट घेत नाही. ग्रामसभेत पाचट न जाळण्याचा ठराव करून घ्या. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात ग्रामपंचायतीचं गुणांकन पंचतत्त्वांवर होतं, त्यात वायूही आहे. सरपंचाला पटवायला तो मुद्दा उपयोगी पडतो.

विजेच्या तारांचं घर्षण होऊन आग लागली असेल तर तारांखालचे फोटो लगेच काढा. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, आणि कृषी सहायकाकडून, म्हणजे आताच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, पंचनामा करून घ्या, पोलिसांत नोंद करा आणि वीज कंपनीला लेखी कळवा. भरपाईसाठी विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, तो आला नाही तर प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं. आणि आगीत उभा ऊस सापडला असेल तर त्याच दिवशी गट ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जळीत उसाचं वजन आणि साखर दिवसागणिक उतरते, कपात होते ती वेगळीच. अर्जावर गट नंबर, उसाची जात, नवी लागण की खोडवा, आणि आग लागल्याची वेळ लिहायला विसरू नका.